पुण्याचे गुण

वयाच्या ६७व्या वर्षी माणसाने हातात जपमाळ घ्यावी, तलवार घेऊ नये, असं आमच्या सौभाग्यवतीचं स्पष्ट मत आहे. तलवार माझ्या हातात नसतेच. माझ्या हातात बटणं असलेलं एक प्लास्टिकचं खेळणं असतं आणि तलवार असते ती पडद्यावरच्या एका पांढऱ्या केसांच्या इसमाच्या पाठीवर, हा खुलासा मी वारंवार केलेला आहे. पण "रात्री साडेअकराला ‘मेला, मेला’ असं ओरडत जाऊ नका, खालच्या मजल्यावरचे लोक सकाळी चौकशीला येतात," यापुढे आमची चर्चा सरकत नाही.

हा नाद मला नातवाने लावला. २०२० च्या टाळेबंदीत तो आमच्याकडे अडकला होता. पत्त्यांत मी रोज हरतो हे पाहून त्याला दया आली आणि त्याने मला व्हिडिओ गेम शिकवला. पुढे शिकायला बंगळूरला जाताना यंत्र इथेच ठेवून गेला. "आबा, जुनं झालंय, तुला राहू दे," म्हणाला. जुन्या वस्तू जुन्या माणसांकडे जमा करायच्या, ही आमच्या घराण्याची रीतच आहे.

माझा पहिला खेळ आमच्या गावचाच निघाला. ‘राजी’ त्याचं नाव. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्याशा मंडळींनी तो २०२० मध्ये आणला. राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवतात. दुर्गा आणि विष्णू तिची निवड करतात आणि ती पोर त्रिशूळ घेऊन भावाला सोडवायला निघते. हा खेळ पुरा करण्यासाठी २०१७ मध्ये लोकांकडून पैसे जमवायचा प्रयत्न झाला, तो फसला. तेव्हा संस्थापकांपैकी एकीने स्वतःचं घर विकून काम चालू ठेवलं. ज्या पुण्यात माणूस घर घेण्यासाठी आयुष्यातले सगळे खेळ सोडून देतो, तिथे कुणी खेळासाठी घर सोडावं, याचंच मला राक्षसांपेक्षा जास्त नवल वाटलं.

या जातीच्या खेळांत हाणामारी भरपूर, पण मनाला शांतता विलक्षण. समोर राक्षस येतो. तो राक्षसच असतो. त्याचीही काही बाजू असेल, त्याच्या घरी म्हातारे आईवडील असतील, असलं काही मनात येत नाही. बटण दाबायचं. मी ३४ वर्षं कचेरीत काढली, पण तिथे समोरचा माणूस राक्षस आहे की नाही हे शेवटपर्यंत नक्की कळत नसे. आणि कळेपर्यंत तो बहुधा आपला साहेब झालेला असे.

पण नातवाने मग मला दुसऱ्या जातीच्या खेळांत ढकललं आणि माझी शांतता संपली. यात आपण एक भूमिका घ्यायची. वाटेत कुणीतरी थांबवतं, काहीतरी मागतं, आणि पडद्यावर तीनचार उत्तरं येतात. निवडा! मदत करा, पैसे मागा, नाहीतर सरळ चालते व्हा.

पापपुण्याचा खेळ आपल्याला नवा नाही. आपला मोक्षपट होताच. तो ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा सांगते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. पुढे तो साहेबाच्या देशात गेला आणि होता होता मुलांची सापशिडी झाला. सद्गुणांची नावं गळाली, साप तेवढे राहिले. पण मोक्षपटात सगळा कारभार कवड्यांचा. दयेच्या शिडीवरून चढलो म्हणून मी दयाळू ठरत नाही. कवड्या बऱ्या पडल्या, एवढंच.

निवडीची ही भानगड फार पूर्वी आणली ती रिचर्ड गॅरियट नावाच्या गृहस्थाने. त्याने १९८५ मध्ये ‘अल्टिमा ४’ हा खेळ काढला. त्यात मारायला कुणी महाराक्षस नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे आणि ‘अवतार’ व्हायचं. शब्द आपलाच, परत आला तो अमेरिकेहून. या खेळात जादूची मुळंपाळं विकणारी एक आंधळी बाई आहे. ती किंमत सांगते, आणि किती नाणी द्यायची ती आपली आपण मोजून द्यायची. कमी दिली तरी तिला कळत नाही. खेळाला मात्र कळतं, आणि तो गुपचूप प्रामाणिकपणाचे गुण कापतो.

"आबा, एकदा वाईट वागून तर बघ," नातू म्हणाला. मी एक नाणं कमी दिलं. फक्त एक! आणि काय सांगू, माझे कान गरम झाले. मी मागे वळून पाहिलं. सौभाग्यवती स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. कुणी पाहिलं नव्हतं. तरी त्या रात्री एक वाजेपर्यंत मी कूस बदलत होतो. विचार करून करून एवढंच कळलं, की त्या व्यवहारात बाई खोटी, मुळंपाळं खोटी, नाणंसुद्धा खोटं. खरा होतो तो एकटा मी.

आता खेळातलं पाप जर इतकं खरं, तर खेळातलं पुण्यही तेवढंच खरं असायला हवं. हिशेब हिशेब आहे! मी खूश झालो. कारण पुण्य माझ्याकडे भरपूर साठलं होतं. ‘द विचर ३’ नावाचा २०१५ चा पोलंडचा खेळ मी तेव्हा खेळत होतो. पांढऱ्या केसांचा इसम तो यातलाच. त्यात सुरुवातीच्या गावात एक म्हातारी भेटते. तिचा तवा एकाने नेला आणि तो दार लावून बसला, तेवढा आणून द्या, म्हणते. राक्षस मारण्यात हयात गेलेल्या माणसाला तवा आणायला सांगणं हे अस्सल म्हातारीचंच काम. मी सगळे राक्षस बाजूला ठेवले, दार फोडलं, तवा आणून दिला. दहा मिनिटांत अनुभवाचे गुण जमा!

"आणला, आणला!" मी ओरडलो.

"काय आणलंत?" आतून प्रश्न.

"तवा! एका आजींचा."

हिने बाहेर येऊन पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि काकूंचा कुकर?"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ८४ वर्षांच्या. एकट्या. मुलगा अमेरिकेत. तुळशीबागेजवळच्या एका दुकानात कुकर दुरुस्तीला टाकलाय, त्या बाजूला गेलात तर आणाल का, असं त्यांनी जिन्यात विचारलं होतं. मी "हो हो, त्यात काय!" म्हणालो होतो. त्याला ११ दिवस झाले होते. त्या ११ दिवसांत मी पोलंडच्या म्हातारीसाठी कुलूपबंद दार फोडलं होतं.

तिथे मी इतका चांगला का, हे मग कळलं. तिथलं चांगलं वागणं मला काही पडत नाही. उलट गुण मिळतात. शिवाय ती म्हातारी मी येईपर्यंत, महिना लागो की वर्ष, त्याच झोपडीसमोर त्याच वयाची उभी असते. ८४ वर्षांच्या बाईच्या बाबतीत ही सोय नाही. चुकलं तर मागच्या टप्प्यावर परत जाऊन पुन्हा खेळायचीही सोय नाही. म्हणून हिशेब एकतर्फी आहे. खेळात केलेलं पाप थोडंफार माझ्या खात्यात येतं, कारण ते करणारं मन माझं असतं. पुण्य येत नाही, कारण त्याचं बिल कुणी भरलेलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी मी तुळशीबागेत गेलो. रिक्षा, गर्दी, पावती हरवल्याबद्दल दुकानदाराचं व्याख्यान, सगळं सोसून कुकर आणला आणि तीन जिने चढलो. काकूंनी दार उघडलं. "अगंबाई, एवढी धावपळ कशाला केलीत? या, या, बसा."

बसलो. आणि आत ओट्यावर कुकरने शिट्टी दिली.

काकूंकडे दुसरा कुकर होता. चांगला मोठा, चकचकीत. मी त्याच्याकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांनीही तो न पाहिल्यासारखं केलं. चहा झाला. बेसनाचा लाडू झाला. मुलाचे, नातीचे, नातीच्या कुत्र्याचे फोटो झाले. दीड तास मी त्या खुर्चीवर होतो. कुठेही गुण चमकले नाहीत. निघताना काकू म्हणाल्या, "मिक्सरचं भांडंही एकदा दाखवायचंय हो. घाई नाही."

खेळात माणसं काय हवं ते स्पष्ट सांगतात. आमच्या जिन्यात ती कुकर मागतात.

रात्री नातवाला फोनवर सगळं सांगितलं. तो हसला. "आबा, ही साइड क्वेस्ट झाली. त्यात अडकू नकोस, मुख्य गोष्ट वेगळी असते."

असेल. ६७ वर्षं खेळतोय. मुख्य गोष्ट कोणती, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही. मिक्सरचं भांडं मात्र उद्या सकाळी न्यायचंय.