गृहीतकाचा रकाना

वाशिष्ठी खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूर परिसरात एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीज प्रकल्प उभा राहिला. आपण आजवर त्याची चर्चा राजकारण, परकी भांडवल आणि गैरव्यवहाराचे आरोप या अंगांनी केली, आणि ती करायलाच हवी होती. आकडेवारीच्या आधारे निर्णय घेणाऱ्या आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरांनी मात्र हा इतिहास आणखी एका कारणासाठी वाचावा. तिथे तयार होणारी वीज हेही एक उत्पादनच होते. त्याला वीज मंडळ हा एकमेव ग्राहक होता आणि त्याची किंमत एका गुंतागुंतीच्या सूत्रातून ठरत होती.

सूत्रातली बेरीज-वजाबाकी चुकलेली नव्हती. डिसेंबर 1993 च्या वीज खरेदी करारानुसार दर दोन भागांत विभागलेला होता. एक भाग इंधनाचा आणि दुसरा स्थिर आकाराचा. प्रकल्प वीज द्यायला सज्ज असेल, तर मंडळाने ती उचलली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागे. दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. लोकांसमोर आकडा आला तो युनिटला सुमारे 2 रुपये 40 पैशांचा. त्या आकड्यामागे डॉलरचा भाव, इंधनाची किंमत आणि मंडळ किती वीज उचलेल याचा अंदाज, अशी तीन गृहीतके होती. 1993 मध्ये 31 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 2001 पर्यंत 46-47 रुपयांवर गेला, इंधन म्हणून वापरला जाणारा नाफ्था महागला आणि मंडळाची उचल घटली. उचल घटली की तोच स्थिर आकार कमी युनिटांत वाटला जातो आणि प्रत्येक युनिट आणखी महाग होते. 2000 च्या अखेरीस काही काळ युनिटचा दर 7 रुपयांपलीकडे गेला. मे 2001 मध्ये वीजनिर्मिती थांबली.

हे आधी कोणी सांगितलेच नव्हते, असे नाही. जागतिक बँकेने 1993 मध्येच प्रकल्पाला कर्ज नाकारले होते. पुण्यातल्या ‘प्रयास’ गटाने, म्हणजे गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे यांनी, दररचना उलगडून तिचा स्वतंत्र हिशेब 1995 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या कामाचे मोल मला फार वाटते. सरकारच्या किंवा कंपनीच्या दालनाबाहेरच्या लोकांनी गृहीतकांचे रकाने उघडून पाहिले. वेलदूरच्या मच्छीमारांचे प्रश्न, पाणी आणि जमीन हे तर कोणत्याच रकान्यात नव्हते. ते रस्त्यावर मांडले गेले आणि 1997 मध्ये त्याला पोलिसी बळाने उत्तर मिळाले.

यावरून आकड्यांवरचा विश्वासच सोडा, असे कोणी म्हणेल, तर मला ते पटणार नाही. आकडा नसला की ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे होते, आणि मोजमाप नसण्याची किंमत याच वीज मंडळाने दाखवली आहे. लाखो कृषिपंपांना मीटर नव्हते. अश्वशक्ती आणि गृहीत धरलेले तास यांवरून त्यांचा वापर ठरवला जाई. मंडळ आपली गळती सुमारे 18 टक्के सांगत असे. वीज नियामक आयोगापुढे 2000 मध्ये हिशेब तपासला गेला, तेव्हा ती 30 टक्क्यांवर निघाली. जी वीज कुठे गेली हे ठाऊक नव्हते, ती शेतकऱ्याच्या नावे लिहिली जात होती.

असा रकाना मोजमापाच्या आजच्या साधनांतही आहे. गूगल ॲनॅलिटिक्समध्ये ज्या भेटीचा उगम कळत नाही, ती ‘डायरेक्ट’ या नावाखाली जमा होते. गुहागरच्या एखाद्या आंबा बागायतदाराच्या संकेतस्थळाची लिंक व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांत फिरली, तर त्यातल्या पुष्कळ भेटी या रकान्यात पडतात. अहवाल वाचणाऱ्याला वाटते की लोक पत्ता पाठ करून येत आहेत. मग जाहिरातीचा पैसा चुकीच्या ठिकाणी जातो आणि ज्या मावशीने ती लिंक चाळीस जणांना पाठवली, ती हिशेबात कुठेच नसते. त्याहून गंभीर बाब रेंजची. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत पानच उघडले नाही, तर मोजणारी स्क्रिप्टही सुरू होत नाही. तो माणूस ‘आला आणि परत गेला’ असाही नोंदला जात नाही. डॅशबोर्डवर पान झटपट उघडणाऱ्यांचीच सरासरी दिसते आणि ती उत्तम असते.

मिक्सपॅनेल, ॲम्प्लिट्यूड यांसारखी साधने फनेल, ग्राहक टिकण्याचे प्रमाण, ए/बी चाचण्या हे सगळे काही मिनिटांत दाखवतात. त्यांचा उपयोग मोठा आहे. पण ‘सक्रिय वापरकर्ता’ कोणाला म्हणायचे, हे साधन ठरवत नाही. एका ठिकाणी नुसते ॲप उघडणारा सक्रिय, दुसऱ्या ठिकाणी खरेदी करणारा. व्याख्या कोणी, कधी आणि का ठरवली हे आकड्याशेजारी लिहिलेले नसेल, तर पुढच्या वर्षी नवा माणूस तो आकडा निसर्गनियमासारखा वाचतो. म्हणून साधन निवडताना आलेखाच्या देखणेपणाआधी दोन गोष्टी तपासाव्यात. गृहीतक आकड्यासोबत दिसते का, आणि निर्णयाशी हितसंबंध नसलेल्या माणसाला ते बदलून निकाल पाहता येतो का?

प्रकल्पाचा मालक बदलला म्हणून गृहीतके तपासण्याची ही गरज संपत नाही. 2005 मध्ये एन्रॉनच्या त्याच जागी एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी आली. आता मालकी देशी होती, सार्वजनिक होती आणि हेतूही चांगला होता. या वेळी घात झाला तो गॅसच्या रकान्यात. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला पुरवठा घसरला आणि 2013 च्या अखेरीपर्यंत प्रकल्प पुन्हा थंडावला. नोव्हेंबर 2015 मध्ये 500 मेगावॅट घेणारा ग्राहक मिळाला तो रेल्वेच्या रूपाने, आणि तेव्हा कुठे यंत्रे पुन्हा फिरू लागली.