रतामाच्या झुडपाखालील संदेष्टा
(पहिले राजे, अध्याय 19)



ज्या एलीयाने कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांस लज्जित केले, तोच पुढल्या अध्यायात रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याचा धिक्कार केला नाही. अविश्वासाचा दोषही दिला नाही. प्रथम त्यास निजू दिले, दूताकरवी भाकर व पाणी दिले. पुन्हा निजू दिले, पुन्हा खाऊ घातले. बोलणे मागाहून झाले. देह थकला म्हणजे जीवही खचतो, हे देह घडविणाऱ्यास ठाऊक आहे.

मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम येथे विवेकानंद जन्मोत्सवास मोठा समुदाय पुरी व वांग्याच्या भाजीच्या पंक्तीस बसतो. त्यातही एखादा असेल, ज्यास घास गोड लागत नाही, पहाटेपूर्वीच झोप मोडते व शेताकडे पाऊल वळत नाही. तसा मनुष्य आपल्या मंडळीतही असतो.

हा विषाद पुष्कळदा दुसऱ्या रोगाच्या सोबतीने येतो. थायरॉईड ग्रंथी मंदावली किंवा रक्त कमी झाले, तरी मनुष्य सुस्त व उदास होतो. मधुमेह, क्षय व हृदयविकार यांच्या रोग्यांत विषाद इतरांहून अधिक आढळतो. उलटपक्षी, खचलेला मनुष्य गोळ्या चुकवितो. मग साखर वाढते, अर्धवट सोडलेल्या औषधाने क्षय बळावतो, आणि मन आणखी खचते. म्हणून एकाच रोगावर उपचार करून भागत नाही. दोहोंवर केला पाहिजे.

उपदेशक बंधूंनो, "तुझी प्रार्थना कमी पडते," असे म्हणून आपण कितीकांच्या जखमेवर मीठ चोळले असेल! यापुढे अशा बंधूबरोबर सरकारी दवाखान्यात जा. साखर, रक्त व थायरॉईड तपासण्याविषयी डॉक्टरांस विचारा. झोप व उदासी यांविषयीही त्यास मोकळेपणी सांगू द्या. तो मरणाची भाषा बोलू लागला, तर त्यास एकटे सोडू नका. घरातील फवारणीचे औषध दूर न्या. आणि 2022 साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेस 14416 या क्रमांकावर फोन करा. ती विनामूल्य असून रात्रंदिवस चालते.

प्रार्थना तर करावयाचीच. पण दवाखान्याच्या वाटेवर, त्याचा हात धरून करू. एलीयापुढे चाळीस दिवसांची वाट होती, आणि त्या भाकरीच्या बळावर तो ती चालला. आपल्या बंधूचीही वाट अजून सरलेली नाही. आमेन.