बादशहाची खिचडी

कचेरीत फाईल अडली, भावकीत वाटणी रखडली की मराठी माणसाच्या तोंडी बिरबलाची खिचडी येते. उंच टांगलेलं मडकं, खाली मिणमिणता जाळ, आणि दूरच्या दिव्याची ऊब मिळाली असेल म्हणत गारठलेल्या गरिबाचं बक्षीस बुडवणारा अकबर. आपल्यातल्या बहुतेकांची मोगल साम्राज्याशी पहिली ओळख या मडक्यापाशीच झाली. इतिहासाचं पुस्तक बरंच नंतर आलं.

गंमत अशी, की अकबराच्या खऱ्या मुदपाकखान्यातली खिचडीही कागदावर आहे. दरबारी इतिहासकार अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त तिचं प्रमाण दिलंय : तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी ५ शेर, मीठ शेराचा तिसरा हिस्सा, एवढ्यात ७ थाळे. तांदळाला तांदळाइतकं तूप! आमच्या आजीने हे ऐकलं असतं तर तुपाचा डबा फडताळात घालून कुलूप लावलं असतं. ज्याच्यासाठी हे शिजे तो मात्र, अबुल फजलच्याच म्हणण्याप्रमाणे, दिवसातून एकदा जेवे, भूक थोडी राखूनच उठे आणि मोहोरबंद घड्यांतून आणलेलं गंगेचं पाणी पिई. चुलीपासून शेतसाऱ्यापर्यंत सगळं मोजून लिहून ठेवणारी ही राजवट. गोष्टीतल्या बादशहाला मात्र दिव्याची ऊब किती हातांवर पोचते, एवढाही हिशेब जमत नाही.

मला वाटतं, लोक सम्राटाला तख्तावरून उठवून आपल्या ओसरीवर आणून बसवतात. साम्राज्य नावाची वस्तू कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही; हेकट साहेब, कडक बाप, रुसलेला नवरा हे सगळ्यांच्या पाहण्यातले. अकबराच्या वाट्याला या तिन्ही भूमिका आल्या. सासऱ्याची तेवढी राहिली.

साहेबाची भूमिका बिरबलाच्या गोष्टींत आहे. खरा बिरबल, म्हणजे महेशदास, कवी होता, दरबारी होता आणि बादशहाच्या जिव्हाळ्याचा होता. १५८६ साली युसुफझाई पठाणांवर मोहीम निघाली तेव्हा कुमक घेऊन कुणी जायचं, अबुल फजलने की बिरबलाने, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि नाव बिरबलाचं निघालं. लढाईची सवय नसलेला माणूस स्वातच्या डोंगरांत गेला. तिथे सरदारांचं आपसांत पटेना, आणि अरुंद घाटात फौज कापली गेली. बदायुनी हा इतिहासकार सुमारे ८,००० माणसं गेल्याचं लिहितो. बिरबलाचं प्रेतही हाती लागलं नाही. पुढे वावड्या उठल्या, की तो नगरकोटकडे जोग्यांबरोबर फिरताना दिसला. बिरबलावर मनस्वी खार खाणारा हाच बदायुनी सांगतो, की अकबराने इतका शोक दुसऱ्या कुठल्याच सरदारासाठी केला नाही, आणि या वावड्यांचीही त्याने चौकशी करवली.

बिरबल मेलेला नाही, ही गोष्ट ऐकायला सर्वांत आधी कोण आतुर होतं, तर अकबर. आज आपण वाचतो त्या चातुर्यकथांची संकलनं फार पुढच्या काळातली. त्या प्रत्येक कथेत बिरबल जिवंत आहे, हजरजबाबी आहे आणि त्याला डोंगरात पाठवण्याचा प्रसंगच येत नाही.

बापाची भूमिका के. आसिफ यांनी दिली. ‘मुघल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये लागला. प्रेमकथा सलीम-अनारकलीची, पण चित्रपटाचं नाव बापाचं. तिचा धागा मागे नेला तर विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी भेटतो. सलीम जहांगीर नावाने बादशहा झाला, त्याच्या आरंभकाळात तो लाहोरला होता. तिथली कबर पाहून त्याने ऐकीव हकीकत लिहिली : अनारकली ही खुद्द अकबराची एक बायको, सलीमशी तिचं सूत जमलं, म्हणून तिला भिंतीत चिणलं. अबुल फजल किंवा जहांगीर यांच्या लिखाणात तिचा मागमूस नाही. इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली नाटक लिहिलं तोवर ती दासी झाली होती. फिंचच्या हकिकतीतला अकबर मत्सराने पेटलेला नवरा आहे. असलं प्रकरण चारचौघांत कोण पाहणार? ती दासी झाली आणि मत्सराच्या जागी खानदानाची इभ्रत आली. चित्रपटाने तर आणखी एक पाऊल टाकलं : अकबर तिला भुयारातून गुपचूप सोडून देतो. पृथ्वीराज कपूर यांच्या त्या खर्जातल्या आवाजामागचा बाप मनातून मऊच निघतो.

नवऱ्याची भूमिका आशुतोष गोवारीकर यांच्या ‘जोधा अकबर’ने २००८ साली दिली. अकबराने १५६२ साली सांभरला आमेरच्या भारमलच्या मुलीशी लग्न केलं, हे खरं. समकालीन तवारिखांत तिचं नाव जोधा असं नाही. मरियम-उझ-जमानी हा किताब आहे. कर्जतच्या सेटवर मांडलेला तो संसार देखणा होता, एवढं बोलून मी पुढे जातो.

कारण ओसरीवर न मावणारं जे असतं ते बाहेरच राहतं. १५६४ साली जिझिया उठवणारा आणि १५६८ च्या फेब्रुवारीत चित्तोड पडल्यावर कत्तलीचा हुकूम देणारा माणूस एकच. चित्तोडला मेलेल्यांचा आकडा शत्रूने नव्हे, स्तुतिपाठक अबुल फजलनेच ३०,००० दिला आहे, आणि त्यांत किल्ल्याच्या बाजूने उभे राहिलेले शेतकरी पुष्कळ होते. तेव्हा अकबर २५ वर्षांचा होता. हल्ली तो थोर की क्रूर यावर गळे काढून भांडणाऱ्यांपैकी अर्धे पृथ्वीराज कपूरशी भांडतात आणि उरलेले ‘जोधा अकबर’मधल्या हृतिक रोशनशी.

त्याला जवळून पाहणारी माणसं गोव्याहून गेली होती. अकबराच्या बोलावण्यावरून तीन जेझुइट पाद्री १५७९ च्या नोव्हेंबरात निघाले आणि पुढच्या फेब्रुवारीत फतेपूर सिक्रीला पोचले. त्यांचा प्रमुख रुडॉल्फ अक्वाव्हिव्हा परतल्यावर १५८३ साली कुंकळ्ळीत मारला गेला. देवळं पाडल्याने गाव खवळलेलं होतं. दुसरा, आंतोनियो मोन्सेरात, राजपुत्र मुरादचा शिक्षक झाला. बादशहा त्याला कसा दिसला? रुंद खांदे, किंचित फेंगडे पाय, मान जराशी उजव्या खांद्याकडे झुकलेली, डाव्या पायाने थोडं लंगडत चालणारा. कधी कधी मजुरांबरोबर स्वतः दगड फोडणारा. मोन्सेरातचं हस्तलिखित १९०६ साली कलकत्त्याच्या एका चर्चच्या ग्रंथालयात सापडलं. बादशहाच्या डाव्या नाकपुडीच्या आणि वरच्या ओठाच्या मध्ये तीळ होता, हेही त्यात आहे.

तो तीळ आणखी एकाने टिपला. सलीमचं खरं बंड झालं ते अनारकलीसाठी नव्हे, तख्तासाठी. १६०० पासून अलाहाबादेत त्याने वेगळा दरबार थाटला आणि १६०२ साली बापाच्या जिवलग अबुल फजलला वाटेत गाठून मारवलं. मुंडकं त्याच्याकडे पाठवलं गेलं. तोच सलीम जहांगीर झाल्यावर आठवणी लिहायला बसला. बाप निरक्षर होता, तरी विद्वानांच्या बैठकीत कुणाला ते कळत नसे, असं त्याने लिहिलं. गव्हाळ रंग लिहिला, रुंद छाती लिहिली, भारदस्त आवाज लिहिला. आणि नाकाच्या डाव्या बाजूचा तो तीळ अर्ध्या वाटाण्याएवढा होता, हेही लिहून ठेवलं.