मेमरीवर भरवसा नसेल तेव्हा

निळा स्क्रीन आला की आपण म्हणतो, कॉम्प्युटर बंद पडला. हे पूर्ण खरं नाही. वीज गेली की कॉम्प्युटर बंद पडतो. निळ्या स्क्रीनच्या वेळी विंडोज स्वतःहून थांबतं. एखादं साधं ॲप गंडलं तर तेवढंच बंद करून बाकीचं चालू ठेवता येतं. पण सगळ्यात आतला भाग, म्हणजे कर्नल, त्याच्याच हिशोबात न जुळणारं काही सापडलं तर तो पुढे जायला नकार देतो. त्यासाठी आत वेगळं फंक्शन लिहून ठेवलेलं आहे, त्याला बगचेक म्हणतात. त्याचं काम एवढंच: चाललेलं सगळं थांबवायचं, कारणाचा कोड दाखवायचा आणि त्या क्षणी मेमरीत काय होतं त्यातलं थोडं डिस्कवर लिहून ठेवायचं. तसंच पुढे गेलं तर चुकीचा डेटा डिस्कवर जाईल आणि चूक कुठून सुरू झाली हे नंतर कुणालाच शोधता येणार नाही.

इंजिनिअरिंगला असताना हे मी पाच मार्कांसाठी लिहिलं होतं. त्याला नैतिक बाजूही आहे, हे आमच्या घरच्या डेअरीमुळे जाणवलं.

नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावात वडिलांचं, आण्णांचं, दूध संकलन केंद्र आहे. केंद्र म्हणजे घराचीच पुढची खोली. काटा, फॅट काढायचं मशीन, पावतीचा छोटा प्रिंटर आणि एक कॉम्प्युटर, जो मी बारावीत असताना घेतला होता. सकाळी चाळीसेक लोक दूध घालतात, संध्याकाळी पुन्हा तेच. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो. त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापले जातात. दहा दिवसांनी बिल होतं, आणि त्या बिलावर कुणाची पेंड, कुणाची शाळेची फी अवलंबून असते. आमच्या शेजारी शिंगणापूर आहे, तिथे घरांना दारं नाहीत, म्हणून या भागात सगळे एकमेकांवर विश्वास टाकून बसलेले असतात असं माझ्या पुण्यातल्या मित्रांना वाटतं. त्यांनी एकदा सकाळी साडेसहाला काट्यासमोर उभं राहावं. किटली ठेवणारा माणूस आकड्यावरून नजर हलवत नाही. ‘काटा मारला’ हा शब्द आमच्याकडे उगाच रुळलेला नाही.

तर या कॉम्प्युटरवर आठवड्यातून तीन-चारदा निळा स्क्रीन यायला लागला. चार दिवसांच्या सुट्टीवर गेलो तेव्हा आण्णा म्हणाले, “निळं नाही आलं पाहिजे, एवढं बघ.”

पहिलं काम उलटंच करावं लागलं. विंडोज मुळातच अशा सेटिंगवर असतं की निळा स्क्रीन क्षणभर दिसतो आणि मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. ते सेटिंग बंद केलं, म्हणजे निळं आलं की थांबून राहील आणि कोड वाचता येईल. आण्णांना हा उपाय अर्थातच पटला नाही. पण दीड दिवसात तीन कोड मिळाले: एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. एकच कोड परत परत आला तर संशय एखाद्या ड्रायव्हरवर जातो. प्रत्येक वेळी वेगळा आला तर पायाखालची जमीनच हलतेय असं समजायचं, आणि ती जमीन बहुतेकदा रॅम असते. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या (हा उपाय सगळ्या रिपेअरवाल्यांना माहीत आहे आणि कॉन्टॅक्टवर मळ चढला असेल तर तो खरोखर चालतो). फरक पडला नाही. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं. हा प्रोग्राम विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतो, मेमरीच्या प्रत्येक जागी काहीतरी लिहितो आणि परत वाचून बघतो. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी होत्या. एकेक पट्टी वेगळी तपासली. एक ठीक, दुसरी खराब. खराब पट्टीत काही पत्त्यांवर एकच बिट चुकत होता, उजवीकडून तिसरा. तिथे १ लिहिला तरी वाचताना ० यायचा.

पट्टी काढून टाकली. निळं यायचं थांबलं. आण्णांच्या दृष्टीने विषय संपला.

पण कर्नलला चूक कधी कळते? खराब जागा त्याच्या स्वतःच्या हिशोबाखाली आली तर. तीच जागा दुधाच्या नोंदीखाली आली असती तर कुठलाही निळा स्क्रीन आला नसता. फॅटचं मशीन कॉम्प्युटरला आकडा पाठवतं तो अक्षरांच्या रूपात, एकेक अंक. ‘७’ हा अंक आत ००११०१११ असा असतो. त्याचा उजवीकडून तिसरा बिट ० झाला की ००११००११ होतं, म्हणजे ‘३’. तसंच ५चा १ होतो, ६चा २, ४चा ०. फॅट ३.७चं ३.३ झालं तर कुणाला संशय येणार? दोन्ही आकडे गाईच्या दुधाचेच वाटतात. २००३ साली बेल्जियममध्ये शारबेक इथे मतमोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली, म्हणजे बरोबर दोनचा बारावा घात. एक बिट उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. पण ते पकडलं गेलं कारण तितकी मतं पडणं शक्यच नव्हतं. शक्य वाटणारी चूक पकडायची कशी?

आमच्याकडे एक सोय होती. लोडशेडिंगच्या काळापासून आण्णा फॅटच्या मशीनवरचा आकडा बघून रजिस्टरमध्येही लिहितात. सवय म्हणून, आजही. मी आणि ताईने दोन महिन्यांचं रजिस्टर कॉम्प्युटरशी ताडून बघितलं. ती वाचायची, मी स्क्रीनवर बोट ठेवायचो. पाच हजारांच्या आसपास नोंदी. तीन जुळल्या नाहीत. दोन ठिकाणी आण्णांची ओळ खालीवर झाली होती, ते पावतीवरून कळलं. तिसरी: रजिस्टरमध्ये ३.७, कॉम्प्युटरमध्ये ३.३. आठेक लिटर दूध. फरक वीस रुपयांच्या आतला.

हा पुरावा नव्हे. केबलमध्ये गडबड झाली असेल, आण्णांनी घाईत चुकीचं लिहिलं असेल. पण बरोबर तोच बिट होता.

आण्णा लगेच म्हणाले, पुढच्या बिलात वीस रुपये जास्त लावून टाकू. मी म्हणालो, लोकांना सांगायला पाहिजे. रजिस्टर दोनच महिन्यांचं ताडलं, पट्टी किती महिन्यांपासून खराब होती ते कुणाला माहीत? यावर ते जे म्हणाले त्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं: “तू सांगशील रे, आणि परवा पुण्याला जाशील. काट्यासमोर मी बसतो. एकदा मशीन खोटं बोललं म्हटलं की वीस वर्षांच्या सगळ्या पावत्या खोट्या होतात.”

यात भित्रेपणा आहे असं मला वाटत नाही. थांबण्याची किंमत कुणीतरी मोजत असतंच. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले, परदेशात दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. कर्नलचं तत्त्व काटेकोरपणे पाळायचं तर आण्णांनी रजिस्टर पुरतं तपासून होईपर्यंत डेअरी बंद ठेवायला हवी होती. गाई तेवढं थांबत नाहीत.

पण न थांबता चालू राहिल्याची किंमतही माहीत आहे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९पासून होरायझन नावाची हिशोबाची सिस्टिम आणली. गावोगावच्या छोट्या पोस्टांचे काउंटर चालवणारे साधे लोक होते, बरेचसे दुकानदार, म्हणजे थोडेफार आण्णांसारखेच. होरायझनमध्ये बग होते, त्याने नसलेली तूट दाखवली, आणि ती तूट भरायची जबाबदारी काउंटरवाल्याची. स्क्रीन निळा झाला नाही, आकडे व्यवस्थित छापून येत राहिले. ९००हून जास्त लोकांना दोषी ठरवलं गेलं. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा २०१०मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेल्या. त्यांची शिक्षा रद्द व्हायला २०२१ उजाडलं. तिथे कोर्टात उलट काही सिद्ध होत नाही तोवर कॉम्प्युटर नीट चालतोय असं गृहीत धरलं जायचं. शंका कुणालाच नव्हती असं नाही. ज्यांना होती त्यांनी ती काउंटरपलीकडे जाऊ दिली नाही.

आपल्याकडे कायदा निदान कागदावर वेगळा आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली (आधी ते ६५ब होतं) कॉम्प्युटरची नोंद पुरावा म्हणून द्यायची तर कुणीतरी सही करून सांगावं लागतं की त्या काळात मशीन नीट चालत होतं, किंवा बिघाड असला तरी त्याचा या नोंदीवर परिणाम झाला नाही. मी आण्णांना विचारलं, तुम्ही सही कराल का? ते काही बोलले नाहीत, उठून बॅटऱ्यांमध्ये पाणी घालायला गेले.

बगचेक थांबवतं, त्याचं आपण कौतुक करतो किंवा त्याला शिव्या देतो. मला त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटायला लागलंय: जे माहीत आहे ते लिहून ठेवणं. मिनिडंप नावाची ती फाइल काही सिद्ध करत नाही. अमुक वेळी अमुक जुळलं नाही, एवढंच सांगते, आणि ज्याला तपासायचं त्याला तपासू देते. दूध घेणं चालू ठेवूनही हे करता येतं. विश्वास जाईल ही आण्णांची भीती खरी आहे. पण लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून त्यांच्यापासून माहिती लपवली, तर तो विश्वास त्यांनी ठेवलेला नसतो, आपण त्यांच्या वतीने ठेवून घेतलेला असतो. हे मी आण्णांना इतक्या नीट शब्दांत सांगू शकलो नाही. आमच्यात आवाज चढले, आईने मध्ये पडून जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर, दराच्या खाली, आण्णांच्या अक्षरात एक ओळ होती: ज्यांच्याकडे जुन्या पावत्या असतील त्यांनी रजिस्टरशी ताडून घ्याव्यात. कारण लिहिलं नव्हतं. अर्ध्या लोकांनी वाचलंच नाही. एका आक्कांनी मात्र विचारलं, का हो?

“कॉम्प्युटरची मेमरी खराब होती,” आण्णा म्हणाले. “आकडा चुकला असंल.”

“मग कधी जास्तबी लागली असंल की फॅट,” आक्का हसून म्हणाल्या.

तिसरा बिट शून्यावरच अडकत होता. त्यामुळे अंक बदललाच तर कमी होणार, वाढणार कधीच नाही. हे मी आण्णांना आदल्या रात्री सांगितलं होतं. त्यांनी किटली काट्यावरून उतरवली.

“नाही आक्का. लागली असंल तर कमीच.”

संध्याकाळी आक्कांनी पावत्यांची पिशवी आणली. थर्मल कागद, त्यातल्या निम्म्या पुसट झालेल्या. आण्णा चष्मा लावून एकेक उजेडात धरत बसले, तोवर दुधाची रांग लागली.