दोन नावांचे आजोबा

दोन नोव्हेंबरच्या संध्याकाळी अंबरनाथच्या दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. धर्मगुरू ओळीओळीतून फिरत कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात, माणसे फुले पसरतात आणि आपापल्या माणसांपाशी उभी राहून रोजरी म्हणतात. ज्यांना उभे राहण्यासाठी कबरच नाही अशीही कुटुंबे असतात. ती मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी जमतात व तेथेच आपली मेणबत्ती लावतात. आम्ही भावंडे लहानपणापासून त्या क्रुसापाशीच उभी राहत आलो. आजोबांची कबर एके काळी होती. परंतु जागा थोडी आणि मृत फार, म्हणून काही वर्षांनी तेथे दुसऱ्या कुणास विसावा मिळाला. आजोबांच्या मागची माणसे कोठे पुरली आहेत, हे तर घरात कुणालाच सांगता येत नव्हते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील बहुतेक कॅथलिक घरांची हीच कथा आहे. कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला काडेपेटीच्या आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यांनी माणसे ओढून आणली. मुंबईत घर न परवडणारे पुढे बदलापूरला उतरले. कुणी गोव्याचे, कुणी मंगळूरचे, कुणी वसईचे, कुणी केरळ-तामिळनाडूचे, आणि आमच्यासारखे काही अहमदनगर जिल्ह्यातले, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. ज्या गावात इ. स. १०६० चे शिवमंदिर उभे आहे, त्या गावात आमची कुळे जेमतेम तीन पिढ्यांची! इथल्या धर्मग्रामांच्या दप्तरांत पणजोबा सापडत नाहीत. फार तर त्यांच्याकडे जाणारी वाट सापडते.

आम्ही त्या वाटेला लागलो ते एका पुरामुळे. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी बदलापुरात शिरली, तेव्हा आमच्या आत्याच्या तळमजल्यावरच्या घरातील पत्र्याची ट्रंक पाण्याखाली गेली. घराण्याचे सारे कागद तीत होते. ट्रंक उघडली तेव्हा हाती लगदा आला. आमच्याकडे उरला तो एकच जुना कागद, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ आणि जातीच्या रकान्यात ‘महार’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले होते. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. घरात त्याविषयी कुणी बोलत नसे, एवढेच. पण बाकीचे कागद वाहून गेल्यावर तो एकटा दाखला आमच्याकडे पाहत राहिला, आणि आम्ही कोण, याचे उत्तर त्याच्या एकट्याच्या तोंडून ऐकणे आम्हांस नकोसे झाले. म्हणून आम्ही दप्तरांकडे वळलो.

दप्तर ही ख्रिस्तसभेची जुनी शिस्त आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मरणाच्या नोंदवहीचा नमुनाही घालून दिला. पुढे १९०७ च्या एका हुकूमनाम्याने असे ठरविले की, विवाह कोठेही होवो, त्याची नोंद वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या नोंदीपाशी, समासात, झालीच पाहिजे. हा समास म्हणजे पूर्वज शोधणाऱ्याचा खरा सोबती. गाव सुटलेला माणूस कोणत्या शहरात जाऊन लग्न करता झाला, हे त्या दोन बोटे जागेत कळते. आणि उलट, शहरातल्या विवाहाच्या नोंदीत स्नानसंस्काराचे ठिकाण लिहिलेले असते, त्यावरून गावाकडे जाता येते. अशा रीतीने आम्ही अंबरनाथहून नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मिशनपर्यंत पोहोचलो.

तेथील धर्मगुरूंनी आम्हांस वही हातात दिली नाही. त्यांनी प्रथम विचारले, “कशासाठी हवे?” आम्ही ‘माहितीसाठी’ असे गुळमुळीत उत्तर दिले. त्यांनी पान उघडले आणि आमच्या नोंदीच्या वरच्या व खालच्या नोंदींवर कोरे कागद ठेवले. त्या क्षणी आम्हांस थोडा राग आला, हे कबूल केले पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची आता कसली लाज राखायची? नंतर विचार केला तेव्हा उमगले. या वह्यांत कुणाच्या नावापुढे ‘पिता अज्ञात’ असे लिहिलेले असते, कुणाच्या मरणाचे कारण असते. धर्मसभेचा आजचा कायदादेखील अविवाहित मातेच्या बालकाच्या नोंदीत पित्याचे नाव पुराव्यावाचून अथवा त्याच्या स्वतःच्या, साक्षीदारांसमोर केलेल्या कबुलीवाचून लिहू देत नाही. मेलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी कागद झाकावा लागतो.

आमच्या पणजोबांची नोंद लॅटिनमध्ये होती. नगरचे मिशन त्या काळी जर्मन जेझुईटांकडे होते. पहिल्या महायुद्धात सरकारने त्यांना स्थानबद्ध करून मायदेशी धाडले आणि वहीतले वळणदार अक्षर एका पानापासून अचानक बदलते. आमची नोंद त्या बदलाच्या अलीकडची. प्रौढपणी झालेला स्नानसंस्कार, एका संताचे लॅटिन रूपातले नाव, त्यापुढे मूळ नाव, गाव, बापाचे नाव आणि आईचे नाव.

त्या आईच्या नावापाशी आम्ही थबकलो. त्र्यंबकेश्वरच्या आणि पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात; उल्हासनगरच्या आमच्या सिंधी शेजाऱ्यांचे गाव सीमेपलीकडे राहिले, तरी हरिद्वारच्या पंड्याच्या वहीत आपल्या आजोबांचे नाव आहे असे ते अभिमानाने सांगत. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नसत, त्यांचे नाव अशा वहीत कोण लिहिणार? आमच्या पणजोबांचे नाव वतनाच्या कागदात असेल तर ते चाकरीपुरते आणि सावकाराच्या खतावणीत असेल तर ते कर्जापुरते. त्यांच्या आईचे नाव यांपैकी कोठेही लिहिण्याचे कारण नव्हते. ते एका परक्या धर्मगुरूने, उच्चार नीट न कळल्याने थोडे वाकडेतिकडे का होईना, शाईने लिहून ठेवले. त्याच लेखणीने तिच्या मुलाला मात्र नवे, परदेशी नाव दिले. या दोन गोष्टी आम्ही अजूनही एकमेकींपासून वेगळ्या काढू शकलेलो नाही.

आणि तेथेच वाट संपली. मरणाच्या वहीत पणजोबा नाहीत. इन्फ्लुएंझाच्या साथीने १९१८ साली गावेच्या गावे झोपविली, तेव्हा धर्मगुरू घोड्यावरून येईपर्यंत कोण थांबणार? गावच्या मास्तरांनी प्रार्थना म्हटली असेल, भावकीने खड्डा खणला असेल. किंवा ते पोटासाठी दुसरीकडे गेले असतील. किंवा ख्रिस्तसभेपासून दूर झाले असतील. हीही शक्यता आम्ही मोजली पाहिजे.

आजोबांचे मात्र तसे नाही. अंबरनाथच्या मरणाच्या वहीत त्यांची नोंद आहे. संताचे नाव, वय, दफनाची तारीख, आणि शेवटचे संस्कार मिळाल्याचा उल्लेख. याच आजोबांनी आपल्या मुलाला शाळेत घालताना ‘हिंदू’ असे सांगितले होते, आणि तेथे स्वतःचे नाव लिहिले ते गावाकडचे, संताचे नव्हे. एकाच माणसाच्या दोन नोंदी, दोन्ही अधिकृत, दोन्ही सहीशिक्क्याच्या. आमच्यापैकी थोरल्याने सरळ प्रश्न टाकला : आजोबांनी प्रभूला नाकारले की नाही?

हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा लाभ हिंदूंपुरता ठेवला; १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्याची जात त्या कायद्याने उरत नव्हती. गावाच्या विहिरीवर मात्र ती जशीच्या तशी उरत होती. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या आमच्या भावकीतल्या काही घरांनीही याच पेचात कागदावर जुनाच धर्म ठेवला होता. मुलाची फी आणि आपले नाव, यांत निवड करायची असेल तर बाप काय करील?

आम्ही हा बचाव मांडला तेव्हा धाकटीने तो इतक्या सहजी मान्य केला नाही. तिने आमच्याच चाळीतल्या एका कुटुंबाची आठवण दिली. त्यांनी ‘ख्रिस्ती’ असेच लिहिले आणि त्यांचा हुशार मुलगा सातवीनंतर कारखान्यात लागला. आजोबांचे वागणे निर्दोष म्हटले, तर त्या बापाचे वागणे काय वेडेपणाचे होते? या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि ज्या विवेचनात त्या मुलाला जागा नाही ते विवेचन अपुरे आहे असे आम्हांस वाटते.

ख्रिस्तसभेपुढे असा प्रश्न प्रथमच आलेला नाही. इ. स. २५० मध्ये सम्राट डेशियसने प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी अर्पण न करताच, पैसे देऊन, तो दाखला मिळविला. छळ ओसरल्यावर कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांच्यापुढे ही माणसे रडत आली. सिप्रियन यांनी दाखला घेणे हे पाप नव्हे असे म्हटले नाही; परंतु ज्याने खरोखर बळी दिला तो आणि ज्याने केवळ कागद घेतला तो, यांना त्यांनी एका मापाने मोजलेही नाही. एकेकाची परिस्थिती पाहून न्याय करावा असा त्यांचा आग्रह होता. जुन्या करारातला सेनापती नामान अलीशाला म्हणतो की, माझा धनी रिम्मोनच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची क्षमा व्हावी. संदेष्टा त्याला फटकारत नाही आणि परवानगीही देत नाही; शांतीने निरोप देतो. त्या निरोपाचा अर्थ काय, यावर आम्ही कित्येक रात्री वाद घातला.

तुलना अर्थात पुरती जुळत नाही. कार्थेजमध्ये मानेवर तलवार होती, आमच्या गावात शाळेची पावती. पण सिप्रियन यांच्यापुढे जिवंत माणसे उभी होती. ती आपली बाजू सांगू शकत होती. आमच्यापुढे होती दोन पाने. आत्याने हे एका वाक्यात सांगितले. आमचा वाद ऐकून ती म्हणाली, “मेल्या माणसाला कोर्टात उभं करताय व्हय रं? तो रोज रात्री आम्हाला गुडघ्यावर बसवून रोजरी म्हणायला लावायचा, ते कुठल्या वहीत लिवलंय?”

ते कुठल्याच वहीत नव्हते. तेव्हापासून ते आमच्याजवळ लिहिलेले आहे.

अलीकडे आपल्यात पूर्वज शोधण्याची हौस वाढली आहे. आम्ही अशीही मंडळी पाहिली, की जी जुनी दप्तरे केवळ एवढ्यासाठी धुंडाळतात, की धर्मांतरापूर्वी आपण ‘उच्च कुळातले’ होतो हे ठरावे. ज्या पाण्याने सगळ्यांना एक केले त्याच पाण्याच्या वहीतून जात काढायची! आम्हांस हे हास्यास्पद वाटते. पण तोच बोट आम्ही स्वतःकडेही वळवून पाहिला. आम्हांस पूर्वज हवा होता तो निष्कलंक. मिशनच्या धर्मगुरूंनी ‘कशासाठी’ म्हणून विचारले, त्याचे खरे उत्तर हे होते.

नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सांसाठी नावे लिहून लखोटा वेदीपाशी ठेवतात. त्या वर्षी आम्ही आजोबांची दोन्ही नावे एका ओळीत लिहिली. पणजोबांचे नाव लिहिले, पुढे दफनाची जागा कोरी ठेवली. मग आत्याने विचारले, “त्याच्या आईची मिस्सा चालती का? तिचा स्नानसंस्कार नव्हता झाला ना.” आम्हांपैकी कुणी काही बोलायच्या आत तिने स्वतःच पेन मागून घेतले आणि थरथरत्या अक्षरात ते नाव खाली लिहिले.

मिस्सेपूर्वी धर्मगुरूंनी लखोटा उघडून यादी वाचली. त्या शेवटच्या नावावर ते थांबले, आत्याला जवळ बोलावले आणि विचारले, “मावशी, याचा उच्चार कसा करायचा?”