दया आणि ममता : निराश्रित मांजरांच्या निमित्ताने अहिंसाविचार

॥ श्रीपंचकृष्णाय नमः ॥

मार्गातील आचाराचा पाया अहिंसा हा होय. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी भिक्षुकास अटन, विजन, भिक्षा आणि नामस्मरण यांचा विधी निरूपिला. आपल्यापासून कोणत्याही जीवास भय उत्पन्न होऊ नये, हा अभिप्राय त्या प्रत्येक विधीच्या मुळाशी आहे. साधकाच्या निमित्ताने मुंगीच्याही वाट्यास वैधव्य येऊ नये, इतक्या सूक्ष्मतेने हा विचार सांगितला गेला आहे. हे निरूपण सर्वांच्या परिचयाचे आहे. तथापि परिचयाच्या गोष्टीची परीक्षा प्रसंगीच होते. वाटेवरची मुंगी चुकवून पाऊल टाकणे तुलनेने सोपे असते, कारण मुंगी काही मागत नाही. मांजर मागते. ते मठाच्या स्वयंपाकघरात शिरते, झाकण सरकवून दुधात तोंड घालते, पोथ्यांच्या कपाटामागे विते आणि रात्री दाराशी ओरडत राहते. अशा वेळी अहिंसेचा अर्थ काय, दयेची मर्यादा कोणती आणि ममतेचा आरंभ कोठे होतो, याचा निर्णय भिक्षुकास व वासनिकास दोघांसही करावा लागतो.

प्रथम तत्त्व पाहावे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व अनादी आहेत. त्यांत देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव बद्धमुक्त होय. म्हणजे आज बद्ध असला तरी मुक्त होण्याची योग्यता त्याच्या ठिकाणी आहे. ही योग्यता जीवस्वरूपाची आहे, देहाची नव्हे. जो जीव आज मनुष्यदेही शास्त्र ऐकतो आहे, त्याने अनंत योनी भोगिल्या आहेत. जो आज मार्जारदेही भुकेने व्याकूळ आहे, त्याचीही योग्यता नाहीशी झालेली नाही; ती केवळ झाकली गेली आहे. म्हणून दाराशी आलेल्या मांजरास हाकलण्यासाठी काठी उचलणाऱ्याने इतके तरी स्मरावे, की समोरचा देह लहान आहे, जीव लहान नाही.

आता लोकव्यवहार पाहावा. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा राखण करतो. म्हणून त्यांच्याविषयी गृहस्थाच्या मनात काही ना काही ऋणभाव असतो. मांजराची स्थिती निराळी आहे. घरात उंदीर झाले की ते हवे असते आणि त्यास पिल्ले झाली की नकोसे होते. मग पिल्ले पोत्यात घालून बाजारतळावर, नदीपलीकडे अथवा दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडून देण्याची रीत अनेक गावांत आहे. सोडणारा मनुष्य स्वभावाने क्रूर असतो असे नाही. ‘मारले तर नाही, सोडले,’ असे तो म्हणतो. परंतु मांजराचे पिल्लू जन्मतः आंधळे असते. सुमारे आठ-दहा दिवसांनी त्याचे डोळे उघडतात, पहिले चार आठवडे ते सर्वस्वी आईच्या दुधावर जगते आणि दोन महिन्यांच्या आत त्यास आईपासून तोडणे योग्य नसते. असे पिल्लू शिवेवर सोडणे म्हणजे त्याचे मरण दृष्टीआड करणे होय. इकडे दुधाने ठणकणारे सड घेऊन आई घराचा कोपरान् कोपरा हुंगत हाका मारीत फिरते. तोंडाने ‘सोडले’ हा शब्द उच्चारल्याने कर्माचे स्वरूप पालटत नाही.

या ठिकाणी दोन कथा शेजारी ठेवून विचार करणे उपयुक्त ठरेल. पहिली म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील सशाची. पारध्यांच्या भयाने पळत आलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला. पारधी पाठोपाठ आले व त्यांनी आपली शिकार मागितली. जो येथे शरण आला त्यास मरण नाही, या आशयाचे उत्तर त्यांस मिळाले. सर्वज्ञांनी त्यांच्यावर क्रोध केला नाही. त्यांच्या कर्माचा त्यांस विचार करावयास लाविले आणि पारध्यांचे मन पालटले. कथेचा हा भाग सर्वांच्या ध्यानी असतो. यानंतरचा भाग मात्र पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. भय टळल्यावर सर्वज्ञांनी जानू उचलून सशास आदराने संबोधिले आणि मोकळे केले. त्यास जवळ ठेविले नाही. रक्षण पूर्ण झाले तेथेच संबंधही पूर्ण झाला.

दुसरी कथा श्रीमद्भागवताच्या पंचम स्कंधातील भरताची. राज्य त्यागून वनात राहिलेल्या भरताने नदीच्या प्रवाहात पडलेले हरिणीचे पाडस वाचविले. पाडस मोठे होऊ लागले, तसे भरताचे चित्त त्याच्या मागे धावू लागले. ते दिसेनासे झाले की तो व्याकूळ होई. अंतकाळीही त्याच्या मनात तेच होते आणि पुढे त्यास मृगदेह प्राप्त झाला. या कथेवरून कोणी असा निष्कर्ष काढतात, की साधकाने प्राण्याच्या वाटेस जाऊच नये. हा निष्कर्ष चुकीचा होय. पाडसास प्रवाहातून काढणे हा भरताचा दोष नव्हता. ते न काढता तर तो निर्दयतेचा दोष ठरता. दोष पुढे घडला. वाचविलेला जीव ‘माझा’ झाला, आणि जे चित्त ईश्वराच्या ठिकाणी असावयाचे ते त्या जीवाच्या ठिकाणी गुंतले. सशाची लीळा व भरताची कथा यांत प्राणी दोन्हीकडे आहे, दयाही दोन्हीकडे आहे. अंतर मोकळे करण्यात आहे.

यावरून भिक्षुकाचा आचार स्पष्ट होतो. स्वदेशाचा, स्वग्रामाचा व आप्तांचा संबंध ज्याने त्यागिला, त्याने मांजराच्या रूपाने नवा संसार मांडू नये. त्यास संग्रह नाही. म्हणून त्याचे देणे त्या दिवसाच्या अन्नातील घासापुरते व पाण्यापुरते असते. समजा, पावसाळ्याचा मुक्काम संपला, निघण्याचा दिवस आला आणि मठाच्या ओसरीवर कालच व्यालेले मांजर आहे. भिक्षुकाने काय करावे? पिल्लांसाठी मुक्काम लांबवू नये व त्यांस तसेच टाकूनही जाऊ नये. जवळच्या वासनिकास बोलावून त्यांची व्यवस्था सांगावी, मांजराची जागा कोणी हलवू नये असे बजावावे आणि निघावे. पुढच्या गावी नामस्मरणास बसल्यावर ते मांजर एकदा आठवले तर ती करुणा होय. नाम बाजूला राहून तेच पुनःपुन्हा आठवू लागले, तर तो सावध होण्याचा क्षण समजावा.

शंका : मांजर स्वतःच हिंसक आहे. उंदीर आणि पाखरे मारून ते जगते. त्यास घास घालणे म्हणजे हिंसेस साहाय्य करणे नव्हे काय?

समाधान : पशुयोनी ही भोगयोनी आहे. विधिनिषेधाचा अधिकार मनुष्यदेहासच प्राप्त होतो. म्हणून मांजराच्या शिकारीस मनुष्याच्या हिंसेचे माप लावता येत नाही. विचार करावयाचा तो देणाऱ्याच्या हेतूचा. भुकेल्या जीवाचे दुःख पाहून घास घालणे निराळे आणि उंदीर मारले जावेत म्हणून मांजर आणून ठेवणे निराळे. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली व संमती दिलेली अशी तीन प्रकारची असते. दुसऱ्याच्या दातांनी उंदीर मारविणारा करवित्याच्या दोषातून सुटत नाही. ज्या वासनिकाच्या घरी धान्य आहे, त्याने लोखंडी कोठी वापरावी, बिळे बुजवावीत, सांडलवंड रोज झाडावी. अंगणात मांजराने पाखराचे पिल्लू धरले आणि टाळी वाजवून ते सुटत असेल तर अवश्य सोडवावे. पण त्यासाठी मांजरास काठी मारू नये. घास मिळाला म्हणून मांजर शिकार सोडते असेही नाही. पोट भरलेले मांजरही झडप घालते. त्यामुळे ‘मी यास अहिंसक केले’ हा अभिमान वासनिकाने बाळगू नये.

शंका : वासनिक शाकाहारी. त्याने मांजरास घरात ठेवून केवळ दूधभाकरीवर वाढविले, तर दोघांचाही धर्म राखला जाणार नाही काय?

समाधान : नाही. मांजराच्या देहाची घडण मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्यास अन्नातूनच मिळावे लागते, ते प्राणिज पदार्थांत असते आणि त्याच्या दीर्घ अभावाने मांजराची दृष्टी व हृदय बिघडते. दुधाचीही गोष्ट अशीच आहे. पुष्कळ मोठ्या मांजरांस गाईचे दूध पचत नाही, आणि आईवेगळ्या लहान पिल्लांस ते पाजल्याने हगवण लागते. दुधाची वाटी हे पुष्कळदा आपल्या कल्पनेतील दयेचे चित्र असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या जीवाची पहिली गरज पाणी व सावली ही असते. व्रत वासनिकाने घेतले आहे, मांजराने नाही. स्वतःच्या व्रताचे ओझे मुक्या जीवावर लादून त्यास कोंडणे ही सूक्ष्म हिंसाच होय. तसेच त्याच्यासाठी मांस आणणे हेही वासनिकास विहित नाही. मग मार्ग कोणता? आपल्या धर्मास जे देता येते ते द्यावे आणि मांजरास मोकळे ठेवावे. जे आपले नाही त्याचा सर्व योगक्षेम चालविण्याचा अहंकार नको आणि त्याचा मार्ग अडविण्याचा अधिकारही नको. सशाच्या लीळेतील मोकळे करणे येथेही निर्णायक ठरते.

शंका : मांजरी वर्षातून दोन-तीनदा विते. तिची संतती वाढू नये म्हणून शस्त्रक्रिया करविणे ही हिंसा ठरेल काय?

समाधान : हा प्रश्न आजच्या व्यवहाराचा आहे व त्याचा विचार हेतू आणि परिणाम या दोन्ही अंगांनी करावा. मांजराचा गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा असतो. मांजरी सहा महिन्यांच्या सुमारास वयात येऊ शकते आणि एका वेतात तीन ते पाच पिल्ले होतात. त्यांतील बहुतेकांचा शेवट रस्त्यावर, भुकेने अथवा पोत्यात होतो. पशुवैद्याने भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत वेदना आहे, पण मारण्याचा हेतू नाही. उलट पुढील अनेक जीवांची तडफड टाळण्याचा हेतू आहे. भिक्षुकाने या व्यवहारात पडू नये. वासनिकाने मात्र दर वर्षी पोते उचलण्यापेक्षा हा मार्ग धरला, तर त्यास निर्दय म्हणता येणार नाही. अट एकच : शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत त्याने त्या मांजरीची शुश्रूषा करावी. या काळजीत विवेकही असावा. मांजराच्या चाव्यातून वा नखातून रेबीज होऊ शकतो. म्हणून जखम झाल्यास ती साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित दवाखान्यात जावे. स्वतःच्या देहाची हेळसांड म्हणजे दया नव्हे.

राज्यव्यवस्थेनेही या विषयाची दखल घेतली आहे. प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. पाळलेल्या प्राण्यास भुकेने, तहानेने यातना होतील अशा स्थितीत अकारण टाकून देणे हा त्यात अपराध मानिला आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. परंतु कायदा दंडाच्या भयाने चालतो व साधकाचा आचार श्रीमुखीच्या आज्ञेने. जेथे कोणी पाहत नाही, त्या शिवेवर कायदा पोहोचत नाही, आज्ञा पोहोचते.

भयाचा आणखी एक प्रकार सोडला पाहिजे. मांजर आडवे गेले म्हणून थांबणारे लोक आहेत. मांजर मेले तर सोन्याचे मांजर काशीला द्यावे लागते, या समजुतीने त्यास न मारणारेही आहेत. अशा भयाने मांजर वाचते हे खरे, पण मनुष्याच्या ठिकाणी दया उपजत नाही. अपशकुनाचे भय आणि प्रायश्चित्ताचे भय या दोहोंत मनुष्य स्वतःचाच विचार करीत असतो. ज्याची निष्ठा एका परमेश्वराच्या ठिकाणी आहे, त्यास मार्जाराच्या आडवे जाण्याने विघ्न येत नाही आणि सोन्याच्या मूर्तीने जिवंत जीवाची भरपाई होत नाही.

केशिराजबासांच्या दृष्टांतपाठाने मार्गास दृष्टांत व दार्ष्टांतिक यांची रीत दिली. त्या रीतीने या विषयाचा उपसंहार करता येईल. मांजराचे दात तेच असतात. त्या दातांनी ते उंदराचा प्राण घेते आणि त्याच दातांत मानेची सैल कातडी धरून पिल्लास एका घरातून दुसऱ्या घरी नेते. पिल्लाच्या अंगावर ओरखडाही उमटत नाही. पिल्लू सुरक्षित जागी पोहोचले की ते दात सैल होतात. मांजरी पिल्लास आयुष्यभर तोंडात धरून ठेवीत नाही.

दार्ष्टांतिक असे, की मनुष्याचे हातही तेच आहेत. त्या हातांनी पोते बांधले जाते आणि त्याच हातांनी परळात पाणी ओतले जाते. मांजरीची पकड तिच्या स्वभावाने ठरते. मनुष्याची पकड त्याच्या विवेकाने ठरावयाची आहे. मारण्याची पकड सुटावी हा दयेचा अर्धा भाग होय. वाचविल्यानंतर ‘माझे’ म्हणून धरून ठेवण्याची पकडही सुटावी, तेव्हा दया पूर्ण होते. जो वासनिक दाराशी आलेल्या जीवास पाणी देऊन पुन्हा आपल्या नामस्मरणाकडे वळतो, त्याच्या देण्यात मांजरासही भय नाही व त्यालाही बंधन नाही.

असा विवेक सर्व साधकांच्या ठिकाणी उपजो, ही सर्वज्ञांच्या श्रीचरणी प्रार्थना. दंडवत प्रणाम.