मध्यस्थाची सत्ता

एखाद्या देशाच्या राजदूताने यजमान सरकारला जाहीर उपदेश केला की चर्चांमधून त्याला ‘आधुनिक रेसिडेंट’ म्हटले जाते. दुसऱ्या टोकाचा युक्तिवादही अधूनमधून ऐकू येतो. आखातातली अरब संस्थाने कधी वसाहती नव्हतीच, ब्रिटिशांनी तिथे फक्त समुद्र राखला, घरच्या कारभारात हात घातला नाही, आणि कमी खर्चात प्रभाव टिकवण्याचा हा नमुना आजच्या मोठ्या सत्तांनी अभ्यासावा, असे त्यात सुचवलेले असते. एका चित्रात रेसिडेंट हा उद्धट दूत आहे, दुसऱ्यात समंजस पहारेकरी. दोन्ही चित्रे खोटी आहेत. त्यातले दुसरे जास्त घातक, कारण ते एका पराधीनतेला आदर्श म्हणून पुढे मांडते.

परक्या दरबारात कायमचा माणूस ठेवण्याची रीत इंग्रजांनी हिंदुस्थानात आणली नाही. अठराव्या शतकात दिल्लीच्या दरबारात मराठ्यांचे वकील म्हणून हिंगणे घराणे होते, निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. बातमी काढणे, पैशाचे तगादे लावणे, वेळ पडली तर तहाची भाषा करणे हे त्यांचे काम होते. वकील दोन्ही दिशांनी जात आणि कुठल्याही दरबारात एकाच वेळी अनेकांचे वकील असत. ईस्ट इंडिया कंपनीचे दरबारातले सुरुवातीचे प्रतिनिधी, म्हणजेच रेसिडेंट, याच रीतीत बसले. १७६७ मध्ये आणि पुन्हा १७७२ पासून पुण्यात राहिलेला मॉस्टिन असाच एक वकील होता, आणि १७८६ मध्ये आलेला चार्ल्स मॅलेटही बऱ्याच अंशी तसाच. मात्र या येण्यामागचा धोका महादजी शिंद्यांनी वेळीच ओळखला होता. १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्या मध्यस्थीने झाला होता, आणि इंग्रजांचे पुण्याशी बोलणे आपल्यामार्फतच चालावे असा त्यांचा आग्रह होता. पुढे कंपनीने स्वतःसाठी जे स्थान मिळवले, ते महादजींना स्वतःकडे हवे होते.

येथून पुढची हकीकत सर्वांना पाठ आहे. १७९८ मध्ये निजामाशी तैनाती फौजेचा तह, मग वेलस्लीच्या काळात एकेक दरबार त्या साखळीत ओवला जाणे, १८०२ च्या ३१ डिसेंबरला वसईचा तह. या सगळ्याचा सारांश शाळेपासून एकाच वाक्यात सांगितला जातो: राजांनी इंग्रजांची फौज पोसली आणि म्हणून स्वातंत्र्य गमावले.

हा सारांश अपुरा आहे. वसईच्या तहाने पेशव्याला किमान सहा हजार पायदळ स्वीकारावे लागले आणि त्यांच्या खर्चापोटी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावा लागला, हे खरे. पण फौज भाड्याने घेणे मराठी राज्याला नवे नव्हते. नवी होती ती दुसरी कलमे. निजाम आणि गायकवाड यांच्याशी पेशव्याचे जे हिशेब आणि हक्क अडकले होते, त्यांचा निवाडा कंपनीने करायचा. अन्य कोणत्याही सत्तेशी बोलणे सुरू करण्याआधी कंपनीशी मसलत करायची. या कलमांनी पेशव्याच्या हातातली तलवार काढून घेतली नाही, त्याचे शेजारी काढून घेतले. निजामाकडून येणे असेल तर ते मागण्याची वाट रेसिडेंटच्या दारातून जाऊ लागली.

पुढच्या पंधरा वर्षांत पुण्याला जे घडले ते या दृष्टीने पाहिले पाहिजे. १८११ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्याचा रेसिडेंट झाला. पुढच्याच वर्षी त्याने पेशवा आणि दक्षिणेतले जहागीरदार यांच्यातला तंटा पंढरपूरला मिटवला. जहागीरदारांना जहागिरीची शाश्वती मिळाली, पेशव्याला चाकरीची. कागदावर दोघांचाही फायदा होता, पण आपल्याच सरदारांवर जरब बसवायला पेशव्याला परक्याकडे जावे लागले. मग गायकवाडांच्या हिशेबासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले आणि १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. खून दोन मराठी दरबारांमधल्या माणसाचा, तरी जाब विचारणारा एल्फिन्स्टन होता, कारण हमीदार तो होता. खुनाचा ठपका आलेल्या, पेशव्याच्या मर्जीतल्या त्र्यंबकजी डेंगळ्यांना ठाण्याच्या किल्ल्यात कैद करून ठेवण्यापर्यंतचे सगळे त्या हमीतून निघाले. जून १८१७ च्या पुण्याच्या तहात मग उरलेले उघड लिहून घेतले गेले: पेशव्याने अन्य दरबारांत वकील ठेवायचे नाहीत, त्यांचे ठेवून घ्यायचे नाहीत, जे काही बोलणे असेल ते रेसिडेंटमार्फत. पाच महिन्यांनी खडकीची लढाई झाली आणि संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली. ती लढाई राज्य वाचवण्यासाठी झाली असे मानले जाते. प्रत्यक्षात जे वाचवायचे होते ते त्याआधीच एकेका मध्यस्थीने निसटले होते.

रेसिडेंटच्या कल्पनेतला निर्णायक बदल हा आहे: दरबारातला एक दूत दरबारांमधला एकमेव लवाद बनतो. फौज त्या लवादाच्या मागे उभी असते, पण रोज वापरावी लागत नाही. लोक स्वतःहून दारात येतात, आणि सत्ता त्या येण्यातूनच वाढते.

हीच कल्पना मुंबईमार्गे समुद्रापार गेली. १७६३ मध्ये इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला कंपनीची वखार निघाली आणि तिथला रेसिडेंट दीर्घकाळ मुंबई सरकारच्या हुकमतीत होता. पुण्याहून गेलेला एल्फिन्स्टन १८१९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईहून निघालेल्या आरमाराने समोरच्या अरब किनाऱ्यावरचे रास अल-खैमा घेतले. जानेवारी १८२० मध्ये तिथल्या शेखांशी सर्वसाधारण तह झाला. आखातातली ब्रिटिश सत्ता या तोफांनी बसवली, असे बहुतेक पुस्तके सांगतात. इथेही तीच चूक होते.

१८२० च्या तहाने समुद्रावरची लूटमार निषिद्ध ठरवली, तरी शेखांची आपसातली युद्धे थांबली नाहीत. खरे वळण १८३५ मध्ये आले, आणि ते गोळीबारातून आले नाही. मोत्यांचा हंगाम म्हणजे या किनाऱ्याची वर्षाची कमाई. त्या महिन्यांत युद्ध झाले तर पाणबुडे, होड्या, सावकार, सगळेच बुडत. बुशहरच्या रेसिडेन्सीतल्या सॅम्युअल हेनेलने हंगामापुरता समुद्रावर तह करण्याचे सुचवले आणि शेखांनी तो मानला. त्याची मुख्य अट अशी होती की कोणी हल्ला केला तर उलट हल्ला करायचा नाही, रेसिडेंटकडे तक्रार न्यायची. पुढे शेख स्वतःच त्याचे नूतनीकरण मागू लागले. १८४३ मध्ये दहा वर्षांसाठी, १८५३ मध्ये कायमसाठी. दरवर्षी मागितलेली शांतता कायमची होईपर्यंत सूड घेण्याचा अधिकार आपण देऊन टाकला, हे कोणाच्या लक्षात आले असेल असे दिसत नाही. १८६१ मध्ये बहरीनच्या शेखाने संरक्षणाच्या बदल्यात हेच मान्य केले.

त्याच वर्षी या पद्धतीची सर्वात मोठी किंमत ओमानने मोजली. तिथला शासक सय्यद सईद १८५६ मध्ये वारल्यावर मस्कतचा थुवैनी आणि झांझिबारचा माजिद हे त्याचे मुलगे भांडू लागले. थुवैनी आरमार घेऊन निघाला, तेव्हा मुंबई सरकारने त्याला थोपवले आणि निवाडा आपल्यावर सोपवायला लावले. एडनचा रेसिडेंट कॉग्लन चौकशीला गेला आणि १८६१ च्या एप्रिलमध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने निर्णय दिला: झांझिबार वेगळे, आणि त्याने मस्कतला दरसाल ४०,००० क्राउन द्यावेत. एक राज्य कायमचे दुभंगले. पुढे ही रक्कम हिंदुस्थान सरकारच भरू लागले, म्हणजे मस्कतच्या सुलतानाची नेमणूक लवादाच्याच तिजोरीतून येऊ लागली.

ज्यांना ‘अंतर्गत कारभारात हात नाही’ हे सूत्र भावते, त्यांनी १८६८ चे बहरीन पाहावे. बहरीनच्या शेखाने आदल्या वर्षी कतारच्या किनाऱ्यावर हल्ला केला होता. रेसिडेंट लुईस पेली लढाऊ जहाजांसह आला, मुहर्रकचा किल्ला उडवला, शेखाला काढून त्याच्या भावाला गादीवर बसवले, दंड बसवला. कतारला जाऊन त्याने मोहम्मद बिन थानीकडून लेखी वचन घेतले की समुद्रावर युद्ध करणार नाही आणि तंटे रेसिडेंटपुढे आणीन. कतार हे बहरीनपासून वेगळे असल्याची पहिली औपचारिक दखल या कागदात आहे. समुद्र राखणाऱ्याने इथे एक शासक बदलला आणि एक राज्य नकाशावर आणले. १९२३ मध्ये बहरीनचे शेख इसा बिन अली यांनाही कारभारातून बाजूला व्हावे लागले, तेही रेसिडेंटच्याच दबावाने.

१८७३ मध्ये बुशहर मुंबईकडून हिंदुस्थान सरकारकडे गेले. नंतरचे करार भराभर झाले: १८९२ मध्ये किनाऱ्यावरचे शेख आणि बहरीन, १८९९ मध्ये कुवेत, १९१६ मध्ये कतार. अन्य कोणत्याही सरकारशी व्यवहार करणार नाही, ही त्या सर्वांमधली अट. इतिहासकार या करारांवर पाने खर्च करतात, पण त्यांनी आधीच अस्तित्वात असलेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब केले, एवढेच. पुण्यात १८०२ ते १८१७ मध्ये जो क्रम होता, तोच इथे सत्तर वर्षांत पसरला होता: आधी निवाडा, मग एकमेव वाट. मलायात १८७४ नंतर नेमलेल्या रेसिडेंटांनी महसूल आणि पोलीसही उघडपणे हाती घेतले, म्हणून तिथे कोणाला भ्रम राहिला नाही. आखातात तिजोऱ्या शेखांच्या हाती राहिल्या, म्हणून आजही राहतो.

ही व्यवस्था स्वस्त पडली हे मात्र खरे. एडनसारखा अपवाद सोडला, तर मूठभर अधिकारी, काही जहाजे आणि मस्कत, शारजा, बहरीन अशा बंदरांतले स्थानिक व्यापारी एजंट म्हणून, एवढ्यावर ती चालली. या एजंटांचा व्यापार त्यांच्या पदामुळे वाढे, म्हणून पगार थोडा चाले. स्वस्तपणाचे कारण इंग्रजांचा संयम नव्हता. खर्चाचा मोठा वाटा स्वतःचे भांडण बाहेर नेणाऱ्यांनी उचलला होता.

१९४६ मध्ये रेसिडेन्सी बुशहरहून बहरीनला हलली, १९४७ नंतर लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे गेली आणि १९७१ मध्ये करारांसह संपली. निवाडे मात्र शिल्लक राहिले. हवार बेटांवर बहरीन आणि कतार दोघांचा दावा होता. १९३९ मध्ये ब्रिटिशांनी ती बहरीनची ठरवली, कतारच्या शेखाने निषेध नोंदवला. १९९१ मध्ये कतार हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. २००१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की १९३९ चा निर्णय कायद्याच्या अर्थाने लवादाचा निवाडा नाही, तरी तो बंधनकारक आहे, कारण ब्रिटिशांनी निर्णय करावा याला दोन्ही शासकांनी त्या वेळी संमती दिली होती. हवार बहरीनकडे राहिले, झुबारा आणि जनान कतारला मिळाले.